धागा तुटला म्हणून कांडी फेकू नका

माझी अम्मी इचलकरंजीत यंत्रमागासाठी कांड्या भरायची. सूत कांडीवर गुंडाळायचे, भरलेल्या कांड्या टोपलीत टाकायच्या आणि जितक्या कांड्या तितकी मजुरी. धागा दिवसातून कितीदा तरी तुटे. तुटला की ती दोन्ही टोके बोटांत धरून गाठ मारी आणि काम पुढे चालू. एकदा खेळता खेळता मी एक भरलेली कांडी पूर्ण उलगडून टाकली. त्या दिवशी मात्र ती खरोखर रागावली. धागा तुटतो त्याचे काही नाही, पण भरलेले कुणी उलगडले की जीव तुटतो, असे ती म्हणाली.

पुढे पवित्र कुरआन अर्थासह वाचताना सूरह अन-नहलची 92 वी आयत समोर आली आणि अम्मीची टोपली आठवली. मेहनतीने मजबूत सूत कातून मग स्वतःच्याच हाताने त्याचे तुकडे करणाऱ्या एका स्त्रीचे उदाहरण त्या आयतीत आहे. तिच्यासारखे होऊ नका, असा इशारा आहे. आयतीचा मूळ संदर्भ शपथा आणि करार मोडण्याचा आहे. पण माणूस स्वतःशीही करार करतोच. या वर्षी अभ्यास मनापासून करीन, कर्ज वाढवणार नाही, फजर चुकवणार नाही, तब्येत सांभाळीन. आणि मग बाहेरच्या कुणी हात न लावता आपणच आपले सूत तोडून टाकतो.

हे घराघरात दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल बघणारा मुलगा. दुकान वाढवण्यासाठी साठवलेले पैसे एका लग्नाच्या थाटात उडवणारा बाप. शिवणाचा कोर्स पूर्ण करून मशीनवर कापड टाकून ठेवणारी भाभी. यांना आळशी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. यांतला प्रत्येक जण दिवसभर राबत असतो. फक्त जे काम त्याला स्वतःला सर्वांत जास्त हवे असते, नेमके तेच राहून जाते.

बूट खोक्यातच राहिले

दुसऱ्यांची उदाहरणे देणे सोपे असते, म्हणून माझेच सांगते. अम्मीला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत तिच्या पायाची जखम भरेना आणि दोन बोटे काढावी लागली. तिची मलमपट्टी मीच करायचे. त्यामुळे हा आजार काय करतो हे मला कुणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर माझीही तपासणी झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला 7.9. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाण्याचा तक्ता दिला आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले.

मी त्याच संध्याकाळी चालण्याचे बूट आणले. ते सात महिने खोक्यात होते.

कारणांना तोटा नव्हता. पावसाळा होता. मग पाहुणे आले. मग गुडघा दुखत होता. मग रमजान आला. सकाळी बुरखा घालून रस्त्याने झपझप चालताना लोक काय म्हणतील, हेही एक कारण होते. प्रत्येक कारण खरे होते, पण त्यातल्या एकानेही माझे पाय बांधलेले नव्हते. रात्री सगळे झोपल्यावर मी उरलेला शीरखुर्मा संपवायचे आणि उद्यापासून नक्की, असे स्वतःला सांगून झोपायचे.

एका सकाळची गोष्ट

माझे डोळे उघडले ते हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांची हकिकत वाचताना. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीसग्रंथांत आहे आणि स्वतः हजरत कअब यांनीच सांगितलेली आहे.

हिजरी 9 चे साल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तबूकच्या मोहिमेची घोषणा केली. प्रवास लांबचा, उन्हाळा कडक, मदीनेत फळे पिकलेली आणि सावली हवीहवीशी. हजरत कअब हे अन्सारी सहाबी, कवी, निष्ठेत कुठेही कमी नाहीत. त्या वेळी त्यांची परिस्थितीही उत्तम होती. पूर्वी कधी नव्हत्या अशा दोन सवाऱ्या त्यांच्याकडे होत्या. ते रोज सकाळी तयारीसाठी घराबाहेर पडत आणि काहीही न करता परत येत. मनात म्हणत, मला हवे तेव्हा मी हे करू शकतो. असे करता करता लष्कर निघाले. तेव्हाही त्यांना वाटले, एक-दोन दिवसांत तयारी करून गाठू. दुसऱ्या दिवशी निघाले आणि तसेच परतले. तिसऱ्या दिवशीही तेच. लष्कर दूर गेले आणि संधी हातातून निसटली.

या हकिकतीत कुठेही दुष्टपणा नाही. इच्छा आहे, क्षमता आहे, साधने आहेत. फक्त रोज सकाळी एक धागा तुटतो. आणि तो तोडणारे वाक्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, मनात आणले तर मला काय अवघड आहे! पुढे मदीनेच्या रस्त्यावरून फिरताना त्यांना आजूबाजूला एक तर ढोंगीपणासाठी ओळखले जाणारे लोक दिसत, किंवा खरोखर असमर्थ असलेले. यांत आपण कुठे बसतो, या विचाराने त्यांना दुःख होई.

सबब ही ढाल असते

माणूस असे का वागतो, यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. 1978 मध्ये स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकन अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना मुळात सुटू न शकणारे प्रश्न दिले आणि तरी तुम्ही छान यश मिळवले असे सांगितले. पुढची चाचणी देण्यापूर्वी त्यांना दोन औषधांतून एक निवडायचे होते. एकाने बुद्धी चांगली चालेल, दुसऱ्याने मंदावेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. आपले यश कशामुळे आले हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा मुलांपैकी अनेकांनी बुद्धी मंदावणारे औषध मागितले. मुलींमध्ये हा कल दिसला नाही, पण मुलांमध्ये तो स्पष्ट होता.

त्याचा अर्थ सरळ आहे. पुढच्या चाचणीत अपयश आले तर ते औषधामुळे आले असे म्हणता येईल. म्हणजे हुशारीवर डाग येणार नाही. अपयशाची भीती इतकी मोठी की माणूस अपयशाची सोय स्वतःच आधी करून ठेवतो. आदल्या रात्री न झोपणारा विद्यार्थी हेच करतो. गुण कमी पडले तर अभ्यासच केला नव्हता, असे म्हणता येते. मनापासून अभ्यास करून कमी गुण पडले तर मग लपायला जागा उरत नाही.

हे वाचले आणि माझे खोके मला समजले. मी चालत नव्हते तोपर्यंत मला म्हणता येत होते की, मनावर घेतले तर साखर सहज उतरेल. पण रोज चालूनही आकडा उतरला नाही तर? मग मला मान्य करावे लागले असते की मी अम्मीच्याच वाटेवर आहे. त्या भीतीपासून मला पाऊस वाचवत होता, पाहुणे वाचवत होते, गुडघा वाचवत होता. सबब ही माझी ढाल होती. आणि त्या ढालीच्या आड साखर वाढत होती.

खरे बोलण्याची सुरुवात

प्रेषित (स.) तबूकहून परत आले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक त्यांच्यापुढे येऊन सबबी सांगू लागले. त्या वरवर स्वीकारल्या गेल्या आणि मनातले अल्लाहवर सोपवण्यात आले. हजरत कअब उत्तम बोलणारे होते. एखादी सुरेख सबब तयार करणे त्यांना मुळीच जड नव्हते, तसा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला होता. पण समोर बसल्यावर त्यांनी खरे तेच सांगितले. मला कोणतीही अडचण नव्हती, उलट मी यापूर्वी कधी इतका सशक्त आणि संपन्न नव्हतो.

पुढचा भाग आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. ते बाहेर पडताच त्यांच्याच कुळातले लोक मागे लागले. इतरांसारखी तूही एखादी सबब का सांगितली नाहीस, असे म्हणून त्यांनी इतका आग्रह केला की परत जाऊन आपलेच बोलणे खोटे ठरवावे असे हजरत कअब यांना वाटू लागले. हे लोक शत्रू नव्हते, मायेची माणसे होती. आपल्या घरातही सबबी बहुतेक वेळा मायेतूनच येतात. माझी मुलगी म्हणायची, राहू दे अम्मी, आज दमलीस. आजी नातवाला म्हणते, पोरगं थकलंय, उद्या वाचेल. ही माया खोटी नसते, पण तीही धागा तोडते. मायेच्या माणसाने विचारायला हवे ते एवढेच की, तुझे राहिलेले काम आज थोडे तरी व्हावे म्हणून मी काय हाताखालून देऊ?

खरे बोलण्याची किंमत हजरत कअब यांनी मोजली. त्यांच्याशी आणि आणखी दोघा सहाबींशी लोकांचे बोलणे बंद झाले. पन्नास रात्री अशा गेल्या. त्यानंतर त्यांची तौबा कबूल झाल्याची खुशखबर आली. सूरह अत-तौबाच्या 118 व्या आयतीत या तिघांचा उल्लेख आहे. सबबी सांगून त्या दिवशी मोकळे झालेल्यांना तो मान मिळाला नाही.

खरी अडचण वेगळी

इथे एक सावधगिरी हवी. नाही तर हा विषय दुसऱ्याला टोचून बोलण्याचे साधन होतो. राहिलेले प्रत्येक काम स्वतःच्या चुकीने राहिलेले नसते. त्याच सूरह अत-तौबाच्या 91 आणि 92 या आयतींत दुर्बल, आजारी आणि खर्चाला पैसे नसलेल्या लोकांवर दोष नाही असे स्पष्ट केले आहे. सवारी मिळाली नाही म्हणून रडत परत गेलेल्यांचाही तिथे उल्लेख आहे.

म्हणून फीसाठी पैसे नसलेल्या मुलाला किंवा बारावीनंतर घरात बसवलेल्या मुलीला तू प्रयत्नच करत नाहीस, असे म्हणणे अन्याय आहे. तिथे उपदेशाऐवजी मदत द्यायची असते. मनाच्या सततच्या उदासीमुळे काहीच करवत नसेल तर डॉक्टरांकडे जायला हवे. तो ईमानाचा कमकुवतपणा नव्हे. अडचण खरी की सबब, हे ओळखण्यासाठी मी स्वतःला एक प्रश्न विचारते. ही अडचण आत्ता या क्षणी दूर झाली तर मला आनंद होईल की धास्ती वाटेल? पाऊस थांबल्यावर मला धास्ती वाटत होती. माझे उत्तर त्यातच होते.

इमाम गझालींचा वहीखाता

दोष कळला तरी सवय लगेच सुटत नाही. हे इमाम गझाली (रह.) यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? बगदादच्या निजामिया मदरशात ते त्या काळातले सर्वांत नामांकित अध्यापक होते. आपल्या शिकवण्यामागे नावलौकिकाची ओढ आहे हे त्यांना उमगले. हे सगळे सोडून निघावे असे 1095 मध्ये त्यांना तीव्रतेने वाटू लागले. तरीही सुमारे सहा महिने त्यांचा निर्णय होईना. एक दिवस निघायचे ठरवत, दुसऱ्या दिवशी विचार बदलत. शेवटी त्यांची वाचाच बसली, शिकवणे अशक्य झाले आणि मग ते बगदादहून बाहेर पडले. हे त्यांनी स्वतःच आत्मकथनात लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या आलिमाचे पाऊल अडखळले, तर आपले अडखळते याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात आपल्या नफ्सशी वागण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. उदाहरण व्यापाराचे आहे. आयुष्य हे भांडवल, नफ्स हा भागीदार. भागीदारावर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही आणि त्याला हाकलूनही देता येत नाही. दुकान चालवणाऱ्या आपल्या घरांना हे लगेच पटेल.

पहिली पायरी मुशारता, म्हणजे सकाळीच अट ठरवणे. आज काय व्हायलाच हवे? एकच काम, मोजता येईल असे. 'तब्येत सांभाळणे' ही अट नव्हे, 'वीस मिनिटे चालणे' ही अट.

दुसरी मुराकबा, म्हणजे दिवसभर लक्ष. अल्लाह आपल्याला पाहत आहे ही जाणीव याच्या मुळाशी आहे. हात मोबाइलकडे किंवा डब्याकडे वळतो तो क्षण ओळखणे, एवढे जमले तरी अर्धे काम होते.

तिसरी मुहासबा, म्हणजे रात्रीचा हिशोब. इशानंतर पाच मिनिटे. ठरले होते ते झाले का? नसेल तर नेमके कोणत्या वेळी सुटले? हिशोब घेतला जाण्याआधी स्वतःचा हिशोब घ्या, हा हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितला जाणारा उपदेश याच पायरीचा.

चौथी मुआकबा, म्हणजे चुकल्यावर काही भरपाई. मी चालणे चुकले की सदक्याच्या डब्यात वीस रुपये टाकते. पाचवी मुजाहदा, म्हणजे जिथे मन कच खाते तिथेच थोडे जास्त झटणे. सहावी मुआतबा, म्हणजे नफ्सची कानउघाडणी. मात्र कानउघाडणी म्हणजे शिव्याशाप नव्हेत. भागीदाराला रोज दुकानात चोर म्हटले तर तो वहीच दाखवायचा बंद होतो.

वेळेला बांधलेले काम

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1999 च्या आपल्या गाजलेल्या लेखात एक साधी गोष्ट मांडली. नुसता निश्चय पुरत नाही. कधी, कुठे आणि कसे हे आधीच ठरवले तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. अमुक झाले की मी तमुक करीन, अशी गाठ मारून ठेवायची. मग त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

आपल्याला ही पद्धत नवीन वाटू नये. नमाज वेळ मिळाला की पढायची असे कुणी म्हणत नाही. वेळ झाली की उठायचे असते. दिवसात पाच ठरलेल्या वेळा आपल्याकडे आधीच आहेत. त्यांतल्या एकीला आपले अडकलेले काम बांधून टाकावे. फजरनंतर वहीची दोन पाने. असरनंतर मशीनवर अर्धा तास. इशानंतर दुकानाचा जमाखर्च. मी फजरनंतरचे चालणे धरले. बूट खोक्यातून काढून दाराशी ठेवले आणि जानमाज घडी केली की सरळ दाराकडे जायचे असे ठरवले. सुरुवात दहा मिनिटांनी केली. अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, या अर्थाची हदीस हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आली आहे. दहा मिनिटांची लाज मी त्या हदीसमुळे सोडली.

गाठ मारता आली पाहिजे

आता अकरा महिने झाले. रोज चालले असे म्हणेन तर ते खोटे ठरेल. वहीत कोरे दिवस बरेच आहेत. नणंदेच्या आजारपणात सलग बारा दिवस चुकले. पूर्वी अशा वेळी मी म्हणाले असते, झाले, मोडलेच आता, पुढच्या महिन्यापासून बघू. एक दिवस चुकला म्हणून सगळाच बेत टाकून द्यायचा, हा आपले सूत तोडण्याचा सर्वांत शहाणा दिसणारा प्रकार आहे. अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका, हे सूरह अज-झुमरच्या 53 व्या आयतीतले आश्वासन मोठ्या गुन्हेगारांनाही दिलेले आहे. मग बारा दिवस न चाललेल्या बाईने निराश का व्हावे? तौबा म्हणजे मूळ अर्थाने परत फिरणे. तेराव्या दिवशी मी बूट घातले.

मागच्या तपासणीत माझा आकडा 7.1 होता. गोळ्या चालूच आहेत. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, असेच चालू ठेवा. यात चमत्कार काही नाही. जी भीती होती ती आजही आहे, कदाचित पुढे आकडा पुन्हा चढेलही. पण आता तो मला बघता येतो. परवा निघताना मुलीने नेहमीसारखे, राहू दे अम्मी, असे म्हटले नाही. तिने तिच्या चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आली.

वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरात असे एखादे न उघडलेले खोके असेल. आज इशानंतर ते आठवून पाहा. मला कोणती अडचण होती, याचे खरे उत्तर फक्त स्वतःला द्या आणि उद्याच्या एका नमाजला त्या कामाची दहा मिनिटे बांधा. धागा तुटेल, अम्मीचाही रोज तुटायचा. तिची टोपली संध्याकाळी भरायची ती गाठ मारता येत होती म्हणून.